राणीबागेत उर्वशी फुललीय!

आज सकाळी खास उर्वशीच्या झाडासाठी मुंबईच्या राणीबागेत गेले. फुललीय! लांब देठांवर लोंबणारे लालभडक घोस, वरच्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि शेजारीच कोवळ्या पानांचे तांबूस, मलूल झुबके. ही मूळची म्यानमारची, तिथल्या रानातही आता फार दुर्मीळ. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेत असली कितीतरी झाडं आहेत, पण गर्दी सगळी पेंग्विनकडे. वाईट वाटतं हो.

थंडी ओसरायच्या आत महापालिकेचं पुष्प प्रदर्शन इथेच भरेल. पिटुनिया, डेलिया डोळे भरून बघाच, पण मुलांना घेऊन उर्वशीखालीही उभे राहा. मी पुन्हा जाणार आहे. भायखळा स्टेशनहून चालतच जाऊ. कोण कोण येतंय?