थंड असताना मोकळं फिरणारं चाक

साताऱ्यात गोडोलीला माझं छोटं गॅरेज आहे. गेल्या ऑगस्टमध्ये, सोमवारी सकाळी एक पोरगा गाडी घेऊन आला. कासकडच्या एका गावचा, रोज यवतेश्वरचा घाट उतरून एमआयडीसीत कामाला येणारा. दीडशे सीसीची गाडी, मागं डिस्क ब्रेक.

"मामा, मागचा ब्रेक आपोआप धरतोय."

डबल स्टँड लावून चाक हातानं फिरवलं, तर ते भिंगरीसारखं फिरलं. पायडल दाबलं, ब्रेक लागला, सोडलं, सुटला. आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी एवढंच बघून त्याला परत पाठवलं होतं. मीही पाठवलं असतं, पण त्याच्या पँटीचा गुडघा फाटलेला होता. विचारल्यावर सगळं बाहेर आलं. आदल्या संध्याकाळी आईला मागं बसवून घरी निघाला होता. घाटात गाडी जड व्हायला लागली आणि एका ओल्या वळणावर मागचं चाक जागीच आवळलं. वेग कमी होता म्हणून दोघं खरचटण्यावर सुटले. अर्ध्या तासानं चाक आपोआप मोकळं झालं, तसा तो हळूहळू परत खाली आला आणि गाडी मावशीच्या दारात लावली.

"गाडीला कुणी हात लावला होता?"

जरा थांबून म्हणाला, "मीच. व्हिडिओ बघून पॅड बदलले. ब्रेक ऑइल पण."

मी त्याला रागावलो नाही. शिकावं वाटणारी पोरं मला आवडतात. नेमकं काय काय केलं ते सांग म्हटलं. ऑइल बदलल्यावर पायडल मऊ लागायला लागलं, खाली जायला लागलं. पायडल दाबलं की एक दांडी मास्टर सिलेंडरातला पिस्टन आत ढकलते आणि ऑइलवर दाब येतो. त्यानं त्या दांडीचा नट फिरवून दांडी लांब केली. पायडल एकदम टाइट झालं. त्याला वाटलं, जमलं.

इथंच माझ्या डोक्यात दिवा लागला, पण नुसत्या अंदाजावर गाडी खोलायची नाही ही माझी सवय. थंड गाडीत हा दोष दिसतच नाही, तो गरम करूनच बघावा लागतो. पाने पिशवीत टाकले, पोराला माझ्या स्कूटरवर मागून यायला सांगितलं आणि त्याच्या गाडीवर मीच बसलो. पोवई नाका, राजपथ, गर्दीत मुद्दाम मागचा ब्रेक मारत समर्थ मंदिरापर्यंत आलो. घाट लागल्यावर थोड्याच अंतरात इंजिन ओढेना. पायडल दगडासारखं झालं. मोकळी जागा बघून थांबलो. डिस्कवर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकले, चर्र करून उडून गेले. चाक हलेना.

आता तीन जागांचा संशय असतो : मास्टर सिलेंडर, पाइप किंवा डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर. मी पोराला जवळ बसवलं आणि मास्टर सिलेंडरचे दोन बोल्ट फक्त ढिले केले. सिलेंडर जागेवरून मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकला आणि चाक सुटलं. तसं सुटलं नसतं तर कॅलिपरचा निप्पल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, उघडून बघणार होतो. निप्पल उघडल्यावर सुटलं तर दाब पाइपात अडकलेला, तरीही नाही सुटलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना जाम. पण तिथवर जायची वेळ आली नाही.

सिलेंडरात सुईएवढं बारीक भोक असतं. पायडल सोडलं की पिस्टन मागं येतो, भोक उघडं पडतं आणि गरम होऊन फुगलेलं ऑइल त्यातून वर टाकीत जातं. यानं दांडी लांब केली होती, पण पायडल वरच्या स्टॉपरला टेकलेलं, त्याला आणखी वर जायला जागा नव्हती. म्हणून दांडी पिस्टनलाच आत रेटून बसली आणि ते भोक कायमचं झाकलं गेलं. बोल्ट ढिले केल्यावर तो रेटा सुटला, म्हणून चाक सुटलं. ऑइल फुगलं की दाब पॅडवर, पॅड घासले की आणखी उष्णता, त्यानं आणखी दाब. गार झालं की सगळं सुटतं, म्हणूनच कुठल्याही गॅरेजच्या दारात गाडी शहाण्यासारखी उभी राहते.

आणि उलटंही होऊ शकतं, ते तर आणखी वाईट. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंश सेल्सिअसच्या पुढं उकळतं, पण पाणी शोषलेलं १५५ च्या आसपाससुद्धा उकळू शकतं. उकळलं की वाफ होते, पायडल तळाला जातं आणि ब्रेकच लागत नाही. घाट उतरताना हे झालं असतं तर?

गॅरेजला आणून दांडी आखूड केली. हातानं हलवल्यावर जेमतेम मिलिमीटरभर खेळ लागेपर्यंत आणली आणि लॉक नट आवळला. तापून पॅडवर काचेसारखा गुळगुळीत थर चढला होता, ते टाकून दिले. मऊ पायडलचं मूळ दुखणं होतं पाइपातली हवा, तिला अजून कुणी हात लावला नव्हता. ते काम मी त्यालाच करायला लावलं. मी पायडल मारून दाबून धरायचं, त्यानं निप्पल पाव आटा उघडायचा आणि माझा पाय वर यायच्या आत बंद करायचा. पहिल्यांदा त्याचा हात थरथरला. पारदर्शक नळीतून फेस आला, मग मोठा बुडबुडा.

"मामा, ही हवा?"

"हीच. हिच्यासाठी तू दांडी फिरवलीस."

सात-आठ वेळा केल्यावर नळीत अखंड ऑइल दिसायला लागलं. पायडल मऊ राहिलं नाही, दांडीला हात लावायची गरजच पडली नाही.

दुपारी पुन्हा तेच वळण. मी मागं बसलो होतो, गाडी त्याच्याकडं. ब्रेक मारत मारत वर आलो. त्यानं उतरून डबल स्टँड लावला आणि चाकाला हात घातला. फिरलं. मग तो खाली वाकला, दांडी दोन बोटांत धरून हळूच हलवली आणि माझ्याकडं बघितलं.

"हलतीय मामा."

"हलू दे," म्हटलं. "आता आईला फोन कर."