पहिल्या ओळीचा नाद : सहावा महिना (खाडीवरच्या पोस्ट)

मागच्या अपडेटला बरेच दिवस झाले, पण या महिन्यात खरंच काम झालंय. नव्याने जॉइन झालेल्यांसाठी थोडक्यात, मी ऐरोलीत राहते, खाडी, पक्षी, तिवरांचं जंगल यावर छोट्या पोस्ट लिहिते, आणि सहा महिने एकाच गोष्टीच्या मागे लागलेय की माणूस दुसऱ्या ओळीपर्यंत येतो कधी आणि निघून जातो कधी.

या महिन्यात नवीन विषय घेतलाच नाही. रोहित पक्ष्यांवरची, म्हणजे फ्लेमिंगोंवरची जुनी पोस्ट काढली आणि तिचीच सुरुवात तीनदा लिहिली, खालचा मजकूर साधारण तोच ठेवला. आणि लाईक मोजण्याऐवजी सरळ माणसं वाचताना बघितली. सासूबाईंच्या हातात फोन दिला, मग शेजारच्या काकूंच्या, मग भाच्याच्या, आणि मी फक्त त्यांच्या अंगठ्याकडे बघत बसले. अंगठा कुठे थांबतो आणि कुठे सर्रकन वर सरकतो, यातून जे कळलं ते मला सहा महिन्यांच्या आकड्यांतून कळलं नव्हतं. हे प्लीज करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली सुरुवात अशी होती : ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झालं आणि २०२२ साली त्याला रामसर दर्जा मिळाला. सगळं खरंय, आणि आपल्या खाडीला रामसर, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा दर्जा, मिळाला याचा मला मनापासून अभिमान आहे म्हणूनच मी तो वर टाकला होता. तिघांचाही अंगठा तिथून सटकला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे पेपरात आलं होतं ना?" म्हणजे त्यांच्या लेखी वाचून झालेलंच होतं.

दुसरी सुरुवात : ऐरोलीत जे घडतंय ते वाचून थक्क व्हाल! ही मी सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकली, आणि उघडली बऱ्याच जणांनी, ते मान्य. पण काकू दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काय गं, थक्क होण्यासारखं नक्की कुठलं होतं त्यात? मी शेवटपर्यंत शोधत होते." मला खूप लागलं ते. त्यांनी विश्वासाने वेळ दिला होता आणि मी कबूल केलेलं दिलंच नाही. पुढची पोस्ट त्यांनी उघडलीच नाही. असल्या हेडिंगला माझा आता कायमचा नकार, रीच कितीही मिळो.

तिसरी : रोहित पक्षी डोकं उलटं करून जेवतो. बस, एवढीच. भाचा थांबला, "उलटं म्हणजे कसं?" आणि पुढच्या ओळीत तेच होतं, की ओहोटीला चिखल उघडा पडला की तो मान खाली घालून चोच उलटी धरतो, चिखलपाणी आत घेतो, गाळून बाहेर टाकतो आणि शेवाळ, बारीक जीव तेवढे आत ठेवतो, आणि त्या शेवाळातल्या रंगद्रव्यानेच तो गुलाबी होतो, पिल्लू तर राखाडी असतं. तिथून तो शेवटपर्यंत गेला आणि शेवटी स्वतःच विचारलं की मग ही जागा बुजवली तर? २०१५ आणि रामसर मी तिथे टाकलं होतं, आणि ते त्याने नीट, सावकाश वाचलं. माहिती तीच, पण आता ती त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होती.

यावर खूप विचार केला. लहानपणी आजीबरोबर कीर्तनाला जायचे, तिथे आधी पूर्वरंग, म्हणजे अभंग आणि निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. ते चालतं कारण समोरची माणसं मांडी घालून बसलेली असतात, देवळात आलेलीच असतात. फोनवरचा माणूस बसलेला नसतो, तो ठाण्याच्या गाडीत एका हाताने दांडी धरून उभा असतो आणि दिघागाव मागे पडलं की त्याला उतरायची घाई. त्याला आख्यान आधी आणि निरूपण नंतर. माझ्या पोस्टमध्ये मी गेले सहा महिने बरोब्बर उलटं करत होते.

प्रश्नार्थक हेडिंग वाईटच असं मात्र मी म्हणणार नाही. १८९७ साली प्लेगच्या दिवसांत टिळकांनी केसरीत 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असा अग्रलेख लिहिला, आज सव्वाशे वर्षांनंतरही ते हेडिंग लोकांच्या तोंडी आहे. तिथे प्रश्न खरा होता आणि खाली त्याला पुरून उरेल एवढा मजकूर होता. माझ्या 'थक्क व्हाल'च्या खाली काहीच नव्हतं, फरक तो.

आता थोडं तांत्रिक, मला यातच जास्त मजा आली. २००६ साली जेकब नील्सन या वेबसाइट कशा वाचल्या-वापरल्या जातात याच्या अभ्यासकाने २३२ लोकांची नजर स्क्रीनवर कशी फिरते ते तपासलं होतं, लोक वरच्या एकदोन ओळी आडव्या वाचतात आणि खाली उतरताना नुसती डावी कड चाळतात, इंग्रजी एफ अक्षरासारखं. आपल्या मराठीत क्रियापद येतं शेवटी, त्यामुळे 'गेल्या शनिवारी सकाळी आम्ही काही मैत्रिणी मिळून' अशी सुरुवात केली की डाव्या कडेला नुसता शनिवार राहतो आणि काय झालं ते उजव्या टोकाला किंवा खालच्या ओळीत. म्हणून मी आता वाक्याचा पहिला शब्द हातात धरता येईल असा ठेवते. चिखल. चोच. होडी. जाळं. शनिवार नंतर सांगता येतो.

दुसरं म्हणजे मात्रा. जिथे अक्षरमर्यादा असते, एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) २८० ची आहे, तिथे युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो त्यात, काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'फ्लेमिंगो' दिसायला तीन अक्षरं, मोजणीत नऊ. 'रोहित' फक्त पाच. जागा वाचवायची म्हणून रोहित लिहायला लागले आणि मग तो शब्दच आवडायला लागला, काकू पण आता रोहितच म्हणतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मेसेज मध्येच कापला जाऊन 'पुढे वाचा' येतं ते कुठे पडतंय ते मी आधी स्वतःलाच पाठवून बघते. कापल्यावर वर नुसता नमस्कार आणि शुभ सकाळ उरत असेल तर परत लिहायचं.

पुढचा महिना : दिवा गावातल्या एका मावशींशी बोलणं झालंय, त्या लग्न होऊन आल्यापासून ओहोटीला चिखलात उतरून हाताने निवटी, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, धरायच्या. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे त्यांचा स्वयंपाक, मुलांची शाळा, झोप, सगळं त्या हिशोबाने रोज सरकायचं. चार पानं टिपणं आहेत माझ्याकडे आणि तीन दिवस झाले पहिल्या ओळीवरच अडकलेय. पहिला ड्राफ्ट 'दिवा हे ऐरोलीतलं जुनं कोळी गाव' असा होता, तो काल खोडला. दुसरा ड्राफ्ट 'निवटी पकडायची तर बोटं आधी थंड व्हावी लागतात', हे त्यांनीच सांगितलं आणि ऐकताना माझं पेन थांबलं होतं. उद्या संध्याकाळी सासूबाईंच्या हातात देते फोन.