आधी चित्र काढा रे!
आज एसवायच्या पोरांना आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा) शिकवत होते, मुद्दाम संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन्सकॉम्बचा १९७३ चा डेटा घेतला, आरमध्ये तो आयताच असतो. ४ सेट, प्रत्येकात ११ बिंदू, एक्सची सरासरी ९, वायची ७.५, कोरिलेशन (एक्स नि वाय किती जोडीनं बदलतात ते) सगळीकडे ०.८२ च्या आसपास. पोरं म्हणाली मॅडम सगळे सारखेच की! मग प्लॉट काढायला लावले... एक सरळ रेषेभोवती, दुसरा चक्क वक्र, तिसऱ्यात एकच बिंदू अख्खी रेषा ओढतोय आणि चौथ्यात सगळे एक्स ८ वर नि एकटा १९ वर!! वर्ग एकदम गप्प. आणि कधीच न बोलणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "तो एक काढला तर कोरिलेशन निघणारच नाही ना?" बरोब्बर, एक्सचा व्हेरियन्सच (विखुरलेपणच) शून्य होतो! खूप भारी वाटलं, अजून वाटतंय.