ब्रू मशीनवर आहे, तरी 'कमांड नॉट फाउंड' का?

अँसिबलने (दूरची मशीन्स आपोआप सेटअप करणारं टूल) दूरचे मॅक सेटअप करताना मला सगळ्यांत जास्त अडवलं ते शेल मॉड्यूलच्या (समोरच्या मशीनवर कमांड चालवणारा अँसिबलचा भाग) एका ओळीने: 'ब्रू: कमांड नॉट फाउंड', एक्झिट कोड 127. त्याच मॅकच्या टर्मिनलमध्ये ब्रू, म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणाऱ्या होमब्रूची कमांड, मात्र व्यवस्थित चालत होतं. 127 म्हणजे शेलला (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) कमांड सापडलीच नाही. सापडली पण चालवायची परवानगी नाही, असं असतं तर 126 आला असता. तेव्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यात अर्थ नव्हता, पाथ (शेल कमांड ज्या डिरेक्टऱ्यांत शोधतो त्यांची यादी) तपासायचा होता.

तोही नीट विचारावा लागतो. एसएसएचपुढे (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सोय) 'इको $पाथ' डबल कोटमध्ये दिलं, तर व्हेरिएबल आपल्याच लॅपटॉपवर उलगडतं आणि आपलाच पाथ छापून येतो. इथे बराच वेळ वाया जातो. सिंगल कोट दिल्यावर समोरचा पाथ दिसला: /यूएसआर/बिन:/बिन:/यूएसआर/एसबिन:/एसबिन. अ‍ॅपल सिलिकॉनवर होमब्रू असतं /ऑप्ट/होमब्रू/बिनमध्ये (इंटेल मॅकवर /यूएसआर/लोकल/बिन), आणि यात तेच नाही.

होमब्रूचा इन्स्टॉलर 'ब्रू शेलएन्व्ह'ची ओळ (ब्रूची डिरेक्टरी पाथमध्ये घालणारी) .झेडप्रोफाइलमध्ये टाकायला सांगतो. ती फाइल फक्त लॉगिन शेल (टर्मिनल उघडल्यावर सुरू होतो तसा) वाचतो. एसएसएचला कमांड जोडून दिली की उघडणारा झेडशेल (मॅकचा नेहमीचा शेल) लॉगिनही नसतो आणि इंटरॅक्टिव्हही नसतो. घरच्या डिरेक्टरीतून तो फक्त .झेडएसएचएन्व्ह वाचतो. मग ती ओळ तिकडेच हलवावी? मी हलवत नाही. टर्मिनल उघडलं की .झेडएसएचएन्व्हनंतर /ईटीसी/झेडप्रोफाइलमधला पाथ_हेल्पर चालतो, सिस्टिमच्या डिरेक्टऱ्या पुढे आणतो, आणि 'गिट' म्हटल्यावर होमब्रूचं सोडून अ‍ॅपलचं गिट चालतं.

म्हणून मी पाथ प्लेबुकमध्येच (अँसिबलने करायच्या कामांची, म्हणजे टास्कची, फाइल) देतो. टास्कच्या 'एन्व्हायर्नमेंट'मध्ये पाथची किंमत: आधी /ऑप्ट/होमब्रू/बिन, मग कोलन, मग अँसिबल_एन्व्हमधला जुना पाथ. 'गॅदर_फॅक्ट्स' (सुरुवातीला समोरच्या मशीनची माहिती गोळा करणं) बंद असेल तर अँसिबल_एन्व्ह मिळत नाही आणि टास्क 'अनडिफाइन्ड' म्हणून पडतो. जुना पाथ जोडायचा विसरलात, तर 'एलएस'सुद्धा सापडणार नाही. एकच कमांड असेल तर सरळ पूर्ण पाथ लिहावा.

पाथचा प्रश्न सुटल्यावर 'बिकम' (टास्क दुसऱ्या यूजरच्या, सहसा रूटच्या म्हणजे अ‍ॅडमिनच्या, नावाने चालवणारी सेटिंग) तपासा. होमब्रू रूटने चालायला साफ नकार देतं, त्यामुळे संपूर्ण प्लेवर 'बिकम: येस' असेल तर ब्रूच्या टास्कवर ते 'नो' करावं लागतं.

उबुंटूवर दुखणं तेच, जागा वेगळी. तिथल्या .बॅशआरसीच्या (बॅश शेलची सेटिंग फाइल) सुरुवातीलाच शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत फिरायची अट आहे. पाथची ओळ त्या अटीच्या वर हवी, फाइलच्या तळाशी टाकलेली वाचलीच जात नाही.