आमची वाटचाल: आधी वाजवून दाखव

आम्ही गिटार विकत नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण अजूनही कुणीतरी दारात उभं राहून विचारतं, "पंधरा हजारांत काय दाखवाल?" आमचं काम म्हणजे आहे ती गिटार वाजवणाऱ्याच्या हाताला लावून देणं. मानेचा बाक, तारांची उंची, नट (मानेच्या टोकाचा, तारा ज्याच्या खाचांत बसतात तो तुकडा), इंटोनेशन (मानेवर कुठेही दाबलं तरी सूर खरा लागणं), वायरिंग, सगळं. यालाच सेटअप म्हणतात, आणि एवढ्यावर दुकान चालेल असं २०११ मध्ये घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

तोवर मी भोसरीला टूलरूममध्ये फिटर होतो. रात्री हौस म्हणून वाजवायचो, फार बरं नाही. पण टूलरूमची सवय इथे कामी आली. पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, मान जिथे बॉडीला मिळते तिथली पट्टी दाबायची, आणि सातव्या-आठव्या पट्टीपाशी तार व फ्रेट (मानेवर आडवी बसवलेली धातूची काडी) यांच्यातली फट मोजायची. साधारण दहा थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे पाव मिलिमीटर. त्यासाठी परदेशी हत्यार लागत नाही. गॅरेजवाले टॅपेट सेट करायला जो फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, वापरतात, तोच मी वापरतो. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक ठरवणारी आतली सळई, पाव फेरा फिरवायचा आणि मग थांबायचं. घाईत अर्धा फेरा मारणाऱ्याला मी हत्यार देत नाही. पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा भाग), कपॅसिटर, सोल्डर हे सगळं तापकीर गल्लीतून येतं. पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग: एका गुंडाळीच्या सिंगल कॉइलला अडीचशे किलोओहमचा पॉट, दोन गुंडाळ्यांच्या हंबकरला पाचशेचा.

दुसऱ्या वर्षी मिरजेचा एक जोडीदार मिळाला. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथलाच. त्याच्या घरात जवारी काढण्याचं, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून गुंज साधण्याचं, काम. गंमत अशी की तंबोऱ्यात तार घोडीला हलकेच चाटून गुंजायला हवी, आणि गिटारवाला नेमकी तीच गुंज घालवायला आमच्याकडे येतो. पण बोटाला लागणारी जाण एकच. हाडाचा नट तो हातकानशीने असा घासतो की तार खाचेत अडकत नाही, आणि खाली पडूनही बसत नाही. "ट्यून राहत नाही, खुंट्या बदला" म्हणत येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या खुंट्या ठणठणीत असतात. खुंटी फिरवताना नटपाशी "टक्" वाजलं की दोष खाचेत. कित्येकदा तिथे पेन्सिलीचं शिसं घासून पोराला परत पाठवलंय. त्याचे पैसे घेत नाही.

दुकानाचा एकच नियम आहे: आधी वाजवून दाखव.

"काका, ॲक्शन एकदम लो करा."

"करतो. तू आधी तुझं रोजचं काहीतरी वाजव."

ॲक्शन म्हणजे तारांची उंची. बाराव्या पट्टीवर १.६ मिलिमीटर हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण ऑर्केस्ट्रात चार तास जोरात ऱ्हिदम मारणाऱ्याला एवढ्यावर फ्रेट खडखडतात, आणि हलक्या हाताच्या मुलीला त्याहून खाली चालतं. ज्यांचे कान शास्त्रीय संगीतावर तयार झालेत, ते वरच्या पट्ट्यांवर तार ओढून दोन-दोन स्वरांची मींड घेतात. जुन्या पद्धतीच्या ७.२५ इंच त्रिज्येच्या, जास्त गोलाकार फ्रेटबोर्डवर ॲक्शन खाली असेल तर ती मींड अर्ध्यातच मरते. त्यांना तार थोडी उंच ठेवावी लागते, किंवा वरचे फ्रेट घासून सपाट करावे लागतात. हे कोष्टकात सापडत नाही, हातात दिसतं.

हात बघायचं वेड मला इंग्लिश गिटारवादक जेफ बेकमुळे लागलं. १९८० च्या दशकापासून त्याने पिक (तार छेडायची चकती) जवळजवळ सोडूनच दिलं. अंगठा आणि बोटांनी वाजवायचं, ट्रेमोलोची, म्हणजे सूर वरखाली करणारी, दांडी तळहाताशी, आणि करंगळी व्हॉल्यूमच्या बटणावर. सूर पट्टीवर नाही तर त्या दांडीवर घडवायचा. २०२३ च्या जानेवारीत तो गेला, तेव्हा आम्ही दोघांनी दिवसभर काम केलं नाही, नुसतं ऐकलं. त्याच्यासारखा आवाज हवा म्हणून मुलं आवाज बदलणारी तीन पेडल घेऊन येतात. मी आधी त्यांचं व्हॉल्यूमचं बटण फिरवून बघतो. ते खरखरत असेल तर पेडल कशाला? आपल्याकडे भूपिंदर सिंग लोकांना गायक म्हणून माहीत. पंचमच्या वादकांत ते गिटार घेऊन बसत, हे सांगितलं की पोरं चकित होतात. आणि माझ्या लेखी त्यांच्याच पंगतीत बसणारे एक गृहस्थ पिंपरीचे. ऑर्केस्ट्रात उभं आयुष्य गेलं, गिटार कोलकात्याची गिवसन, पण दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत ते एका हाताने सूर जुळवतात आणि कुणाला कळतही नाही.

गणपतीच्या आधीचा महिना आमची दिवाळी. तेव्हा तक्रार एकच: "गुणगुण येतेय." सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या विजेचे ५० हर्ट्झ उचलणारच, आतून तांब्याची पट्टी लावली की वरची चरचर कमी होते. पण मांडवात जनरेटरला अर्थिंगच नसेल तर माझी पट्टी काय करणार? तारांवर हात ठेवून ओठ माइकला लागला की झटका बसतो. आम्ही प्रत्येक ऑर्केस्ट्रावाल्याला सॉकेट टेस्टर बरोबर ठेवायला सांगतो आणि अर्थिंग नसेल तर प्लग लावू नका म्हणतो. ऐकतात थोडेच.

२०२० च्या टाळेबंदीने धंदा बुडेल वाटलं होतं, झालं उलटंच. कपाटावरच्या धूळ खाणाऱ्या गिटारी खाली आल्या आणि कुरिअरने येऊ लागल्या. तेव्हापासून गिटारीसोबत मोबाइलवर वाजवतानाचा व्हिडिओ मागतो, नियम तोच. डावखुरे मात्र समक्षच या म्हणतो. गिटारवादक जिमी हेंड्रिक्ससारखी उजवी गिटार उलटी धरून तारा फिरवल्या की नटच्या खाचा उलट्या होतात, जाड तार बारीक खाचेत बसत नाही, इंटोनेशनही नव्याने करावं लागतं.

सध्या गोवा आणि रत्नागिरीकडचं काम वाढलंय. खाऱ्या हवेत ब्रिजचे, म्हणजे गिटारच्या घोडीचे, उंचीचे बारीक स्क्रू गंजून असे बसतात की ॲलन की आत गोल फिरते. तेल घालून रात्रभर ठेवावं लागतं, तरी एखादा कापूनच काढतो. तिकडच्यांना आता स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि फ्रेट सुचवतो. फ्रेट टिकतात फार, पण कानशी खातात, म्हणून त्याचा दर वेगळा आहे.