किंग हेन्रीज रोड, क्रमांक १०

टूर मॅनेजरच्या कामात लंडनचा शेवटचा दिवस सर्वांत कठीण असतो. पाहुण्यांची खरेदी राहिलेली असते, साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटांची विश्रांती कायद्यानेच द्यावी लागते, आणि मध्य लंडनमध्ये कोच उभा करण्यासाठी जागा मिळवणे हीच एक मोठी मोहीम असते. त्यामुळे छापील कार्यक्रमात नसलेले ठिकाण कोणी मागितले, की आमच्यापैकी बहुतेक जण गोड शब्दांत नकार देतात. या वेळी विदर्भातील जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या एका मुख्याध्यापिकाबाईंना मी तसा नकार देऊ शकले नाही. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, “ताई, मेणाचे पुतळे नाही पाहिले तरी चालेल, पण बाबासाहेब राहिले ते घर दाखवा.”

ते घर प्रिमरोझ हिलजवळ आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ या काळात बाबासाहेब तेथे राहत होते. १९२१ मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली, १९२२ मध्ये ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून ते बॅरिस्टर झाले आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ही चार मजली वास्तू सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतली आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पुढचा भाग मात्र फार थोड्या पर्यटकांना ठाऊक असतो. राहत्या घराचे संग्रहालय करण्यासाठी तेथे नियोजन परवानगी लागते. ती मागाहून मागितली गेली, शेजाऱ्यांनी गर्दी आणि गोंगाट यांविषयी हरकत घेतली आणि वस्तीतील एक राहते घर कमी होते या कारणावरून स्थानिक कॅमडेन कौन्सिलने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. प्रकरण जाहीर चौकशीपर्यंत गेले आणि अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने मान्यता दिली.

हा इतिहास माहीत असल्यामुळे मी तेथे कोच नेण्याचा विचारही केला नाही. इच्छुक पाहुण्यांना घेऊन भुयारी रेल्वेने चॉक फार्म स्थानकावर उतरले. तेथून रेल्वेरुळांवरचा पादचारी पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड लागतो. पूल संपताच मी नेहमीच्या सूचना दिल्या: पदपथाच्या एका कडेने चालावे, दारासमोर घोळका करू नये, आवाज खाली ठेवावा, शेजारच्या पायऱ्यांवर बसू नये. कोणत्याही निवासी रस्त्यावर, कोणत्याही गटाला मी हेच सांगते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “कडेनं चालायचं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, ताई. आज या दारातून आत जायचं आहे.” त्यांच्या स्वरात राग नव्हता. सूचना आवश्यकच होत्या, आजही मी त्या देते. पण त्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या कोणत्या शब्दांत द्याव्यात, याचा विचार तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

दारात ‘जय भीम’ झाला, बाईंच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, बूट काढून ठेवले आणि आम्ही आत गेलो. हे घर पाहण्यापूर्वी पाहुण्यांना एक गोष्ट सांगावी लागते. बाबासाहेब येथे भाडेकरू विद्यार्थी होते आणि त्यानंतर अनेक दशके ही वास्तू खासगी मालकीची होती. त्यामुळे खोल्यांतील पलंग, टेबल, पुस्तके ही त्या काळाची कल्पना यावी म्हणून केलेली मांडणी आहे. हे ऐकताच गटातील एक गृहस्थ म्हणाले, “मग इथे बघायला आहे तरी काय?”

या प्रश्नाचा मला अजूनही त्रास होतो, कारण याच गृहस्थांनी आदल्या दिवशी बेकर स्ट्रीटवर, शेरलॉक होम्स या कधीही अस्तित्वात नसलेल्या गुप्तहेराच्या सजवलेल्या खोल्या तिकीट काढून, अत्यंत आनंदाने पाहिल्या होत्या. येथून चालत जाण्याजोग्या अंतरावर, मेअर्सफील्ड गार्डन्समध्ये मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडचे घर आहे. तो १९३८ मध्ये लंडनला आला आणि १९३९ मध्ये तेथेच वारला. म्हणजे त्याचा तेथील मुक्काम जेमतेम वर्षभराचा. मात्र त्याची मुलगी ॲना १९८२ पर्यंत त्याच घरात राहिली, म्हणून रुग्णांना आडवे होण्यासाठीचा त्याचा सोफा, त्याच्या मूर्ती, त्याची पुस्तके जागेवर राहिली आणि १९८६ मध्ये संग्रहालय उघडले तेव्हा दाखवायला सगळे खरे होते. वस्तू मागे राहण्यासाठी माणसाचे स्वतःचे छप्पर असावे लागते आणि ते सांभाळणारे कोणी तरी मागे असावे लागते. साठवलेल्या पैशांवर आणि उसनवारीवर शिकणाऱ्या भाडेकरूच्या खोलीत काय उरणार होते? ज्यांना बाबासाहेबांचा ग्रंथसंग्रह पाहायचा असेल त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’पासून सुरुवात करावी, ते घर त्यांनी पुस्तकांसाठीच बांधले होते.

बाईंनी मात्र वस्तूंविषयी काहीच विचारले नाही. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून त्या काही वेळ उभ्या राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, “बाबासाहेब दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून वाचायचे, हे मी मुलांना दरवर्षी शिकवलं. ते इथून किती लांब आहे?” साधारण चार किलोमीटर, असे मी सांगितले. त्यांनी काकांकडे पाहिले आणि दोघांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटची खरेदी रद्द केली.

बाकीच्यांना सहकाऱ्याच्या हवाली करून मी त्या दोघांबरोबर निघाले. कॅमडेनची गर्दी, युस्टन स्थानक, रसेल स्क्वेअर असा आमचा रस्ता होता. गुडघ्यामुळे काका अधूनमधून थांबत होते. बाई थांबत नव्हत्या. वाचनालय आता म्युझियममध्ये नाही, ग्रंथ १९९० च्या दशकाच्या अखेरीस सेंट पँक्रासच्या नव्या इमारतीत गेले, हे मी त्यांना वाटेतच सांगितले होते. तरीही काचेच्या छताखालच्या ग्रेट कोर्टमध्ये मधोमध उभी असलेली जुन्या वाचनालयाची ती गोल इमारत दिसली तेव्हा बाईंनी तिला पूर्ण फेरी मारली आणि विचारले, “म्हणजे रोज रात्री एवढं परत चालायचं?” बस, ट्रॅम आणि भुयारी रेल्वे तेव्हाही होत्या, पण पैसे वाचवणारा विद्यार्थी त्यांचा किती वापर करत असेल, यावर आम्ही तिघे तेथेच बाकावर बराच वेळ बोलत बसलो.

परतल्यावर मी कार्यालयाला सविस्तर प्रस्ताव दिला आहे: चॉक फार्मपासून घर, घरापासून म्युझियम, अर्धा दिवस, लहान गट, कोच न वापरता, गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी बसचा पर्याय. अशा ठिकाणाला ‘मागणी नाही’ असे आमच्या व्यवसायात सहज म्हटले जाते. परंतु जे कार्यक्रमपत्रिकेत कधी छापलेच गेले नाही त्याची मागणी कोण आणि कशी नोंदवणार? पुढच्या हंगामाच्या पत्रिका छापण्यापूर्वी यावर निर्णय व्हावा, असे मी त्यात स्पष्ट लिहिले आहे.