उघडा जबडा

शनिवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलेय. आज दिवसभर मैत्रिणीकडे होते, तिच्या सासरच्या जुन्या घराची आवराआवर चाललीय आणि तिथे दिवाणखान्याच्या भिंतीवर आजेसासऱ्यांच्या काळातल्या शिकारीच्या ट्रॉफ्या आहेत. एक बिबट्याचं मुंडकं, दोन हरणांची, आणि लाकडी पाटीवर ठोकलेली नुसतीच शिंगं. आता यांचं करायचं काय यावरून घरात तीन तऱ्हा. दीर म्हणतो विकून टाका, सासूबाई म्हणतात मामंजींची आठवण आहे, कोणी हात लावायचा नाही, आणि मैत्रिणीची धाकटी मुलगी त्या खोलीत एकटी जातच नाही. मला विचारलं तेव्हा मी काही बोलले नाही, सगळ्यांसमोर बोलायला नको वाटलं, पण तो बिबट्या डोक्यातून जात नाहीये.

दुपारी सगळे खाली गेले तेव्हा स्टुलावर चढून वीतभर अंतरावरून पाहिला त्याला. खालून बघितलं की भीतीच वाटते, जबडा पूर्ण उघडा, नाकावर आठ्या, कान मागे दाबलेले. जवळून बघितलं तर जीभ प्लास्टरची, वर गुलाबी रंग आणि त्यात ब्रशचे फटकारे अजून दिसतात. नाकाला काळं व्हार्निश, त्याला भेगा. डोळे काचेचे, आणि पापणीची कातडी आक्रसून मागे सरकलीय त्यामुळे डोळ्याभोवती आतली माती दिसायला लागलीय. दात तेवढे खरे असावेत कारण एका सुळ्याला उभी चीर गेलीय. म्हणजे ज्या चेहऱ्याची धाकटीला भीती वाटते त्यातला बराचसा भाग बिबट्याचा नाहीच, बनवणाऱ्याचा आहे.

हे काम कसं चालतं ते मला थोडं माहितीये. जनावराची कातडी सोलून काढतात, मीठ लावतात, कमावतात आणि मग एका साच्यावर चढवून शिवतात. पूर्वी आत पेंढा, लाकडाचा भुसा, प्लास्टर, कागदाचा लगदा असं काय काय असायचं, आता फोमचे साचे तयार मिळतात, आणि त्यात तोंड उघडं हवं का मिटलेलं, मान डावीकडे का उजवीकडे, कान ताठ का मागे, हे सगळं ऑर्डर देतानाच निवडायचं. कातडी वाळली की ओठ नाक पापण्या यांचा रंग उडतो तो परत हाताने भरतात. यात खूप कौशल्य आहे आणि चांगल्या टॅक्सीडर्मिस्टबद्दल, म्हणजे हे काम करणाऱ्याबद्दल, मला मनापासून आदर आहे. पण चेहऱ्यावर भाव कुठला ठेवायचा हे माणूस ठरवतो, आणि शिकारीच्या ट्रॉफीत मोठी मांजरं हटकून डरकाळी फोडतानाच का दिसतात याचं उत्तर तिथेच आहे. लपून बसून मारलेल्या जनावराला तर माणूस दिसलेलाही नसतो, ते पाणी प्यायला आलेलं असतं, चालत असतं, आणि तेवढ्यात गोळी लागते. मग भिंतीवर ते आयुष्यभर कोणावर चवताळलेलं असतं? शिकाऱ्याला शूर दाखवायला त्याला मेल्यावर रागावायला लावलंय. माझा आक्षेप मारण्याइतकाच या खोटेपणावर आहे.

स्वीडनमधल्या ग्रिप्सहोम किल्ल्यातला सिंह आठवला. १७३१ मध्ये अल्जीयर्सहून तिथल्या राजाला जिवंत सिंह भेट आला होता, तो मेल्यावर कातडी आणि हाडं ज्याच्याकडे दिली त्याने बहुतेक सिंह कधी पाहिलाच नव्हता. डोळे जवळजवळ, बाहेर लोंबणारी जीभ, माणसासारखे दात. आज लोक त्याचे फोटो बघून हसतात, मला ते बघवत नाही, त्या जनावराला स्वतःचं तोंडसुद्धा मिळालं नाही. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममधल्या वॉलरस या समुद्री प्राण्याचं पण तसंच, त्याच्या अंगाला वळ्या असतात हे न कळल्यामुळे भरणाऱ्याने तो फुगेपर्यंत भरलाय.

याच्या उलट अमेरिकेतला टॅक्सीडर्मिस्ट कार्ल एकली. हा माणूस साधासुधा नव्हता, १८९६ मध्ये आफ्रिकेत जखमी बिबट्याने झडप घातली तेव्हा त्याने नुसत्या हातांनी त्याला मारलं होतं. पण १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियमसाठी गोरिला मारायला गेला तेव्हा त्याने मेलेल्या गोरिलांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरमध्ये साचे घेतले, कारण प्रत्येकाचा चेहरा वेगळा होता आणि त्याला तो जसाच्या तसा हवा होता. त्यानंतर हाच माणूस गोरिला वाचवायला धडपडला, त्याच्या खटपटीने बेल्जियमच्या राजाने १९२५ मध्ये काँगोत राष्ट्रीय उद्यान केलं, आणि १९२६ मध्ये तो तिथल्याच डोंगरात वारला. चेहरा नीट पाहिला म्हणून मन बदललं असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार, पण इतक्या बारकाईने चेहरा बघणाऱ्याला त्या जनावराला नुसती वस्तू समजणं जड गेलं असणार, हे मला अगदी पटतं.

हरणांचं वेगळं आहे. त्यांचे चेहरे शांत ठेवतात, कारण तिथे मिरवायची असतात ती शिंगं. लंडनच्या रोलंड वॉर्ड या टॅक्सीडर्मिस्टने १८९२ मध्ये शिंगांच्या मापांचे विक्रम छापायला सुरुवात केली आणि तेव्हापासून इंचांचा हिशोब चालू झाला तो अजून चालू आहे. सगळ्यात मोठा नर भिंतीवर जातो, म्हणजे ज्याची पिल्लं व्हायला हवीत नेमका तोच. कॅनडात अल्बर्टामधल्या राम माउंटन डोंगरावरच्या बिगहॉर्न नावाच्या रानमेंढ्यांवर २००३ मध्ये एक अभ्यास आला होता की मोठ्या शिंगांचे नर वेचून मारल्यामुळे काही दशकांत शिंगं लहान होत गेली. किती परिणाम शिकारीचा आणि किती खाण्यापिण्याचा यावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले, पण मुद्दा काळजीचाच आहे. बाकी ती पाटीवरची नुसती शिंगं, त्यांना कवटीचा तुकडा चिकटलेला आहे म्हणजे ती पण मारूनच आणलेली. चितळ-सांबरासारख्या हरणांची शिंगं साधारण दरवर्षी आपोआप गळतात, पण गळलेली असती तर कवटीचा तुकडा सोबत आला नसता.

सासूबाईंचं पण मला समजतं. शिकार करणारे सगळे क्रूर असतात असं मी मानत नाही, कित्येकांना जंगल आपल्यापेक्षा जास्त कळतं, कित्येकजण मारलेलं खातात. आणि त्यांच्यासाठी ते मुंडकं म्हणजे सासरे, खुर्चीत बसून तीच गोष्ट परत परत सांगणारे. माणसाची आठवण कचऱ्यात टाका असं कुठल्या तोंडाने सांगायचं? पण त्या गोष्टीतला बिबट्या आणि भिंतीवरचा बिबट्या यांचा काही संबंध नाही हेही कोणीतरी सांगायला हवं.

आणि एक गोष्ट मात्र सोमवारपर्यंत थांबवायची नाही, सकाळीच फोन करून सांगणार आहे, कोणी फडकं घेऊन ती मुंडकी झटकायला जाऊ नका. जुन्या ट्रॉफ्यांना कसर लागू नये म्हणून आतून आर्सेनिक चोपडायचे, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये त्याचा साबणच निघाला आणि विसाव्या शतकातही कितीतरी वर्षं वापरात होता. आर्सेनिक उडून जात नाही, जुनं झालं म्हणून सौम्य होत नाही, डोळ्यांनी दिसेलच असंही नाही. आज मी पण हात न लावता नुसतं बघितलं ते त्यासाठीच. तपासून घेईपर्यंत हातमोजे आणि मास्क, साधा व्हॅक्यूम तर अजिबात नको कारण तो धूळ खोलीभर उडवतो, आणि धाकटीला लांबच ठेवा. तिची भीती या बाबतीत बरोबरच आहे बिचारीची.

ठेवायचंच ठरलं तर माझं म्हणणं असं की दिवाणखान्याच्या भिंतीवरून ते खाली उतरवा, उन्हापासून आणि ओलीपासून लांब काचेच्या पेटीत ठेवा, आणि शेजारी एक पाटी लावा, कधी मारला, कुठे, कोणी, कसा. सासूबाईंना ती गोष्ट पाठ आहे, त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची. जीभ प्लास्टरची आहे हे पण लिहा. नको असेल तर एखाद्या म्युझियमला विचारता येईल, त्यांना कातडीवरून जातीचा अभ्यास करायला कधी कधी उपयोग होतो, पण माहिती सोबत असेल तरच.

विकण्याचं मात्र दिराला आधी थांबवायला हवं. बिबट्या साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, १९७५ पासून त्याचं कातडं असो की मुंडकं, परवान्याशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही, आणि देशातल्या देशात विकायलाच काय, नुसतं घरात ठेवायलाही ठिकठिकाणचे वेगळे कायदे आहेत. त्या ट्रॉफीचे काही कागद आहेत का हे अजून कोणी शोधलेलंच नाही. जुन्या कपाटातली ती पत्र्याची पेटी उघडायला सांगते उद्या.